लिव्हरचे मणी, आमचा वैताग

मी रोज संध्याकाळी ठरवते, आज घरी गेल्यावर हॉस्पिटलचा विषय काढायचा नाही. चप्पल काढेपर्यंत टिकतं ते. मग सासूबाई विचारतात, "आज काय झालं गं?" आणि माझं सुरू! नवरा टीव्हीचा आवाज कमी करतो. शेजारच्या वहिनी वाटी परत द्यायला म्हणून येतात आणि बसूनच राहतात. बुवापाड्यातल्या आमच्या अख्ख्या चाळीला आता लिव्हर नेमकं कुठल्या बाजूला असतं ते माहीत झालंय.

किस्से असेच साठतात हो. एक सांगून मोकळं व्हावं, तर दुसऱ्या दिवशी दोन नवे तयार. ऐकणारे पोट धरून हसतात. पण ते घडत असतात ना, तेव्हा माझं बीपी छताला लागलेलं असतं!

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी ज्योती, पेशंट कोऑर्डिनेटर. आतड्याचा किंवा दुसरीकडचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरला की काही पेशंटना आमचे सर एक वेगळी ट्रीटमेंट देतात. जांघेतून बारीक नळी घालायची, स्क्रीनवर बघत बघत ती लिव्हरच्या रक्तवाहिनीपर्यंत न्यायची आणि तिथून किरणोत्सर्गी मणी सोडायचे. मणी म्हणजे केसापेक्षा बारीक. ते गाठीत जाऊन बसतात आणि आतल्या आत गाठीला जाळतात. पेशंट जागाच असतो. हे मणी परदेशातून येतात, एकेका पेशंटच्या नावाने, दिवस आणि वेळ ठरवून. अडीच-तीन दिवसांत त्यांचा जोर निम्मा होतो. म्हणजे पेशंट आला नाही, उशीर झाला, तर मणी गेले वाया. आणि पुढचे येईपर्यंत गाठ काही थांबत नाही.

तर सर मणी सोडतात, किरणांची बाजू प्रसाद नावाचा टेक्निशियन बघतो, पेशंटला शिंदे सिस्टर बघतात, आणि उरलेलं जग मी बघते!

*

उल्हासनगरचे लछूअंकल परफ्युमचे होलसेल व्यापारी. ट्रीटमेंटच्या दिवशी सकाळी गाऊन घालून तयार, सलाईन लावलेली, आणि म्हणाले, "मॅडम, पहिले माल दाखवो."

म्हटलं, "अंकल, कसला माल?"

"जो अंदर टाकणार तो! चालीस साल धंदा केला. बिना बघितल्या माल घेतला नाही."

मी समजावलं. शिंदे सिस्टरने समजावलं. मुलगा हात जोडून म्हणाला, "पप्पा, किरणं आहेत, ती काय बघायची?" अंकल ढिम्म! घड्याळ पुढे चाललेलं. मी इतकी वैतागले होते की आवाज चढणारच होता. तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. चादर मुठीत घट्ट आवळून धरलेली. मग काय ओरडणार?

शेवटी सर म्हणाले, "दाखवा रे त्यांना लांबून." प्रसादने शिशाच्या जाड डब्यातून चिमट्याने ती बाटली काढली, पारदर्शक पेटीत ठेवली आणि लांबूनच दाखवली. अंगठ्याएवढी बाटली. तळाला जेमतेम काहीतरी.

अंकल मान वर करून बघत राहिले. "बस? एवढाच?"

"एवढाच."

"आणि डब्बा एवढा मोठा, एवढा भारी?"

"हो."

अंकलच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "साईं, ये तो मेरा ही धंदा है!" आणि शांतपणे जाऊन टेबलावर आडवे झाले.

तीन महिन्यांनी स्कॅनमध्ये गाठी बऱ्याच आक्रसलेल्या दिसल्या. अंकल खूश! सगळ्या स्टाफला परफ्युम घेऊन आले. डबे हे एवढाले!

*

आमच्याकडे मध्यंतरी नियम निघाला, बाहेरचं पार्सल वर न्यायचं नाही. कुणीतरी वॉर्डात बिर्याणी नेली होती म्हणून. गेटवर मोरेमामा होते, नवीनच लागलेले. नियम म्हणजे नियम!

त्या दिवशी पेशंट टेबलावर, सर हात धुऊन गाऊन चढवून तयार, आणि मणी आलेच नाहीत. मी डिलिव्हरीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, मी अर्धा तास झाला खालीच उभा आहे. हे सोडत नाहीत."

मी फोन मामांना द्यायला सांगितला.

"मामा, तो डबा वर पाठवा! लगेच!"

"उघडून दाखवत नाही तो."

"मामा, तो उघडायचा नसतो! त्यावर किरणांची पिवळी खूण आहे, बघा!"

"खुणेचं नका सांगू मॅडम. काल एकाने पिशवीवर 'औषधं' लिहून आणलं. आत चिकन लॉलीपॉप."

प्रसाद चार मजले धावत खाली गेला. कागद दाखवले, ओळखपत्र दाखवलं. मामा म्हणाले, ठीक आहे, पण आधी एंट्री. आणि ते सावकाश, एकेक अक्षर कोरत, रजिस्टरमध्ये लिहायला बसले. प्रसाद म्हणतो, "मॅडम, माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब पाच मिनिटं!"

वेळेत झालं सगळं. पेशंट सुखरूप घरी गेला. मी दुपारी मुद्दाम खाली जाऊन ते रजिस्टर बघितलं.

वस्तू: लहान डबा. वजन: फार. कोणाकडे: लिव्हर.

*

बारवी धरणाच्या पलीकडच्या एका पाड्यावरचे चांगूबाबा. भातशेती, जंगलातली कामं, आणि उरलेल्या वेळात नदीत बुडी मारून मासे. माणूस काटक. भीती नाही, तक्रार नाही. आम्हाला वाटलं, आज सगळं सोपं!

नळी आत असताना फोटो घ्यायचा तर पेशंटने श्वास रोखून धरावा लागतो. सर म्हणाले, "बाबा, श्वास धरा."

बाबांनी धरला.

फोटो सुरेख आला. सरांना हवी ती रक्तवाहिनी अचूक दिसली. सर एकदम रंगात आले. प्रसादला दाखवायला लागले, "हे बघ, ही फांदी! इथूनच जायचं." प्रसाद पण काचेपलीकडून वाकून बघतोय. दोघांचं चाललंय कौतुक. तेवढ्यात मॉनिटर टिंगटिंग करायला लागला. शिंदे सिस्टर किंचाळल्या, "सर! बाबा श्वास घेत नाहीयेत!"

सगळे धावले. बाबांचे डोळे टक्क उघडे, गाल फुगलेले, चेहरा जांभळा.

"बाबा! श्वास घ्या! घ्या श्वास!"

बाबांनी भस्सकन सोडला. दोन मिनिटं धापा टाकल्या. सिस्टर रडायच्या बेतात. "बाबा, असं काय करता हो?"

बाबा सरांकडे बघून म्हणाले, "धर म्हून तुमीच सांगलाव. सोड कोनी सांगला?"

*

आता हा किस्सा माझ्या रविवारचा.

मण्यांच्या आधी एक चाचणी असते, तिला मॅपिंग म्हणतात. तीच नळी, तीच जांघ, तेच टेबल. पण खरे मणी न सोडता तशाच दिसणाऱ्या साध्या कणांनी बघायचं की लिव्हरमधून काही फुप्फुसाकडे किंवा पोटाकडे जातंय का. सगळं ठीक दिसलं तरच आठ-दहा दिवसांनी खरे मणी. हे मी प्रत्येकाला सांगते. चित्र काढून सांगते. लिहूनही देते.

मोरिवलीचे पाटीलकाका चाचणी करून घरी गेले. डोस सोमवारी येणार होता. शुक्रवारी मी आठवण करायला फोन केला, बंद. शनिवारी बंद. शेवटी मुलाचा नंबर शोधून काढला. तो म्हणाला, "बाबा वांगणीला गेलेत. पुतण्याची हळद आहे."

त्याने दिलेल्या तिथल्या नंबरवर काका फोनवर आले. मागे बँड.

"काका, सोमवारी ॲडमिट व्हायचंय ना!"

"कशाला? झालं की माझं ऑपरेशन! गल्लीत पेढे वाटले!"

"काका, ती टेस्ट होती!"

"टेस्टला जांघेत भोक पाडतात काय? मला येडा समजता?"

मी सरांना फोन लावून दिला. सरांनी त्यांना इंग्रजी-मराठीत दहा मिनिटं समजावलं. काका म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही बोला, मी ऐकतोय." ऐकू काहीच येत नव्हतं. बँड वाजत होता!

तिकडे मणी विमानात बसले होते. काकांच्या नावाचे. दुसऱ्या कुणाला देता येत नाहीत.

रविवारी सकाळी मी स्कूटर काढली. नवरा म्हणाला, "तुला याचा पगार मिळतो का?" त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. वांगणीला पोचले तर मांडवात काका हळदीने पिवळेधम्मक, हातात शेवेची वाटी. मला बघून म्हणाले, "या या, बसा! जेवून जा."

मी डोक्यावर हात मारून खुर्चीत बसले. मग विचारलं, "काका, तुम्ही कंपनीत काय करायचात हो?"

"पाइप फिटर. केमिकल प्लँटला. तीस वर्षं."

"मग नवीन लाईन टाकली की लगेच केमिकल सोडायचात?"

काका हसले. "खुळ्या का काय तुम्ही? आधी पाणी सोडून प्रेशरला टेस्ट करायची. हायड्रो टेस्ट. लीक आहे का बघायचं. नाहीतर माणसं मरतील!"

म्हटलं, "काका, तुमची हायड्रो टेस्ट झालीय. लाईनमध्ये अजून माल सोडलेलाच नाही."

काकांचा हात वाटीतच थांबला. मग असे ओरडले की बँडवाले गप्प झाले. "अहो, मग असं सांगायचं ना! फाल्तूमध्ये मॅपिंग मॅपिंग काय लावलंय!"

सोमवारी काका आमच्या आधी हॉस्पिटलच्या दारात हजर. कानामागे थोडी हळद राहिली होती. मणी बरोबर गेले, जिथे जायचे तिथे.

आता दर फॉलोअपला काका वेटिंग हॉलमध्ये बसतात आणि नवीन पेशंटना समजावतात. मी माझी चित्रं घेऊन गेले की पेशंटच मला म्हणतात, "मॅडम, तुम्ही राहू द्या. पाटीलकाकांनी नीट सांगितलंय."

*

मणी सोडल्यावर पेशंटला घरी पाठवताना थोडी पथ्यं असतात. आठवडाभर वेगळं झोपायचं, फार वेळ कुणाला चिकटून बसायचं नाही, लहान मुलांना मांडीवर घ्यायचं नाही, गरोदर बाईच्या फार जवळ बसायचं नाही. बास, इतकंच. ताट वेगळं नको, कपडे वेगळे नकोत, काही नको.

बदलापूर पूर्वेला, शिरगावला, सुमनआजी राहतात. मुलगा, सून, दोन वर्षांचा नातू. आजींना घरी सोडलं आणि तिसऱ्या दिवशी मला एक फोन आला.

"मी सोसायटीचा सेक्रेटरी बोलतोय. तुम्ही आमच्या बी विंगमध्ये रेडिएशन सोडलंय का?"

सुनेने बिचारीने सोसायटीच्या लेडीज ग्रुपवर विचारलं होतं, नातवाला किती दिवस लांब ठेवू? झालं! संध्याकाळपर्यंत सगळ्या विंगमध्ये बातमी. आजींनी लिफ्ट वापरायची नाही असं ठरलं. तळमजल्यावरच्या एकांनी मोबाईलला रेंज येत नाही म्हणून तक्रार केली. पाण्याच्या टाकीचं काय, असा प्रश्न निघाला. एकाने तर आमच्या सरांचा फोटो टाकून खाली लिहिलं, "हेच ते."

मी फोनवर सांगून दमले. लिहून पाठवलं, तर सेक्रेटरी म्हणाले, "लेटरहेडवर पाहिजे." शेवटी त्यांनी त्याच संध्याकाळी पार्किंगमध्ये मीटिंग बोलावली आणि मी तिथे गेले. पंचवीसएक माणसं अर्धगोल करून लांब बसलेली. समोर एका खुर्चीत एकट्या सुमनआजी, पदर डोक्यावरून घेऊन.

मला इतका संताप आला! खुर्ची उचलली आणि आजींच्या शेजारी ठेवली. बसले. त्यांच्या सुनेने पोहे दिले, ते आजींबरोबर एकाच बशीत खाल्ले. मग म्हटलं, "आता विचारा काय विचारायचं ते."

एक बाई हळूच उठून आजींच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसल्या. सेक्रेटरी म्हणाले, "नाही, म्हणजे, आपण फक्त काळजीपोटी..."

निघताना आजींनी मला आत बोलावलं. दार लावून घेतलं. मला वाटलं, आता रडतील. म्हणून मीच म्हटलं, "आजी, मनाला लावून घेऊ नका. चार दिवस राहिलेत. मग तुम्ही आपल्या नेहमीसारख्या मोकळ्या."

आजी कुजबुजल्या, "तेच म्हणते मी. ते चार दिवसांचे महिनाभर करता येतील का?"

"का हो?"

"अगं, दहा वर्षं हॉलमधल्या दिवाणावर झोपते मी. हे लोक अकरा-अकरापर्यंत सिरियल बघतात. पहिल्यांदा खोली मिळालीय, दार लावता येतंय." मग माझा हात धरून म्हणाल्या, "नातू दारातून हात हलवतो, मी पण हलवते. चाललंय आमचं!"

महिन्याचं पत्र देणं शक्यच नव्हतं. मी सरांना सांगितलं. सरांनी लेटरहेडवर लिहून दिलं, 'पेशंटला झोपायला स्वतंत्र खोली आवश्यक.' किती दिवस ते लिहायला सर विसरले.

*

कांबळे गुरुजींचं मात्र सांगताना मला नेहमी थांबावं लागतं. मी त्यांची विद्यार्थिनी. सातवीला मराठीला होते ते आम्हाला. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की हातावर पट्टी.

ओपीडीत आले तर मला बघून म्हणाले, "ज्योती ना तू? शेवटून दुसरा बाक." गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, मागून आल्या. हळूच म्हणाल्या, "जय भीम बाळा. एक ऐक. त्यांना कॅन्सर म्हणून सांगू नकोस. लिव्हरला सूज आहे म्हणून आणलंय." मुलगाही तेच म्हणाला.

आता मी काय करू? सरांचा नियम कडक, पेशंटला माहीत पाहिजे. कायद्याने संमतिपत्रावर सही पाहिजे, आणि संमतिपत्रावर आजाराचं नाव पाहिजे, ते मीच हाताने लिहिते. मी मुलाला म्हटलं, "तुम्हीच सांगा त्यांना, आज संध्याकाळी. उद्या सही आहे."

दुसऱ्या दिवशी कळलं, कुणी काही सांगितलेलं नाही. मी वैतागून म्हटलं, "अहो, गुरुजी आहेत ते! वाचल्याशिवाय सही करतील का?" मुलगा म्हणाला, "मी करतो मॅनेज." त्याने फॉर्मच्या अशा घड्या घातल्या की फक्त सहीची जागा वर राहील, आणि म्हणाला, "बाबा, इथे सही करा. नुसती फॉर्मॅलिटी आहे."

गुरुजींनी चष्मा पुसला. घड्या एकेक करून उलगडल्या. खिशातून पेन काढलं. लाल! निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी लाल पेन खिशात.

आणि वाचायला लागले. आमचं ते संमतिपत्र म्हणजे काय सांगू, इंग्रजीवरून कुणी मराठी केलं देव जाणे. 'मृत्यू येणे होऊ शकते आहे' वगैरे. गुरुजी शांतपणे एकेक ओळ दुरुस्त करत गेले. काकू खुर्चीच्या कडेवर बसलेल्या, पदर मुठीत. मुलगा खिडकीबाहेर बघतोय. मी उभी, सातवीत असल्यासारखी.

चारही पानं झाली. सही केली. फॉर्म माझ्या हातात दिला.

काकूंनी विचारलं, "एवढं काय लिहीत होतात?"

"शुद्धलेखन," गुरुजी म्हणाले.

मी केबिनमध्ये येऊन बघितलं. माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'यक्रुतात पसरलेला कर्करोग.' गुरुजींनी 'यक्रुत' खोडून वर 'यकृत' केलं होतं. आणि समासात लिहिलं होतं, 'बाकी बरोबर.'

दुपारी काकू केबिनमध्ये डोकावल्या. "त्यांच्या लक्षात नाही ना आलं?" मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "बरं झालं बाई." त्यानंतर गुरुजी भेटले तेव्हा म्हणाले, "ज्योती, मला माहीत आहे हे हिला सांगू नकोस. तिला वाटतंय ना तिने लपवलंय, ते तसंच राहू दे." दोघांच्या मध्ये मी! कुणापाशी काय बोलायचं नाही, हे लक्षात ठेवता ठेवता माझं डोकं फुटायची वेळ आली.

मण्यांनी साथ दिली. गुरुजींचं दीड वर्ष चांगलं गेलं. मग गेले.

फॉर्म दुरुस्त करा म्हणून मी ऑफिसला चार वेळा अर्ज दिला. अजून तोच आहे.

*

आणि आता हे दोघं. विलासभाऊ आणि संगीताताई. भाऊ उल्हासनगरला रिक्षा चालवतात, ताई जीन्स शिवायच्या युनिटमध्ये कामाला. आमच्या ओपीडीत इतकं भांडलेलं जोडपं मी दुसरं बघितलेलं नाही. रिपोर्टची फाईल कुणी धरायची यावरून भांडण. पंख्याखाली कुणी बसायचं यावरून भांडण. शिंदे सिस्टरने दोनदा बाहेर काढलं त्यांना. आणि एकमेकांशी सरळ बोलायचं नाही, सगळं माझ्यामार्फत.

"मॅडम, यांना सांगा, गोळी जेवणानंतर असते."

"मॅडम, हिला सांगा, मला वाचता येतं."

"मॅडम, यांना विचारा, मग काल का नाही घेतली?"

मी दोघांच्या मधोमध, मान इकडून तिकडे! एकदा तर मी ओरडलेच, "अहो, तुम्ही शेजारी शेजारी बसलाय!" तर दोघं मिळून माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच आगाऊपणा केला.

विलासभाऊंना मणी सोडायला दोन तास लागले. गाठी अवघड जागी होत्या. एवढा वेळ संगीताताई बाहेर बाकावर बसून होत्या. चहा विचारला, नको. पाणी विचारलं, नको. मी म्हटलं, "सगळं नीट चाललंय." तर म्हणाल्या, "मी कुठं विचारलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्चार्ज. मी पथ्यांचा कागद घेऊन गेले. विलासभाऊ कॉटवर, पाय लांब करून. ताई खिडकीपाशी, पाठ करून. मी वाचून दाखवलं. आठवडाभर वेगळं झोपायचं. जवळ बसायचं नाही. फार वेळ एकत्र असाल तर शक्यतो एक मीटरचं अंतर.

ताई वळल्या. "एक मीटर म्हणजे किती?"

मी हात पसरून दाखवलं. "एवढं."

"हाताने नको. नीट सांगा."

"शंभर सेंटिमीटर, ताई."

त्यांनी पर्स उघडली आणि शिवणाची टेप काढली. शंभरच्या आकड्यावर अंगठ्याचं नख दाबलं. दुसरं टोक पुढे केलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "धरा."

माझ्यासमोर ताई त्यांच्याशी पहिल्यांदा सरळ बोलल्या होत्या.

विलासभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. त्यांनी टोक धरलं.

आम्ही व्हीलचेअर आणली. भाऊ खुर्चीत, ताई बाजूने, मध्ये टेप ताणलेली. कॉरिडॉरमधले लोक बाजूला होतायत. आणि भांडण चालूच!

"ढिली झाली. तुम्ही जवळ आलात."

"मी खुर्चीत बसलोय! तू आलीस जवळ!"

"मी आखीव चालतेय."

"टाइट किती ओढतेस, हात दुखतो माझा!"

लिफ्टमध्ये मावेनात. ताई म्हणाल्या, रॅम्पच्या उताराने जाऊ. चार मजले, व्हीलचेअर ढकलत, टेप ताणून! मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "ताई, इतकं काटेकोर नसतं हो. थोडं मागेपुढे चालतं." त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही कागदावर लिहिलंय."

खाली भाऊंच्या स्टँडवरचा मित्र रिक्षा घेऊन आला होता. ताईंनी आधी सीट मोजली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोनदा मोजली. "बसतंय," म्हणाल्या. भाऊंना आत बसवलं, एका कोपऱ्यात. स्वतः दुसऱ्या कोपऱ्यात बसल्या, बाजूच्या लोखंडी बारला चिकटून. मध्ये टेप.

मित्राने रिक्षा सुरू केली. आरशात बघत हसायला लागला.

विलासभाऊ लाजले. म्हणाले, "बस झालं आता. सोड ना."

"टेप माझी आहे," संगीताताई बाहेर बघत म्हणाल्या. "तुम्ही सोडा."

भाऊंनी सोडली नाही.